नेकीच्या कामाला खोटं तिकीट?

आमची धाकटी मुलगी तीन महिन्यांसाठी इंडोनेशियात शिकवायला गेली आणि सुखरूप परत आली, हे आता मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत आहे. लग्नाकार्यात भेटणारी माणसं विचारतात, "पगार किती होता?" काही नव्हता, असं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, "मग व्हिसा कसला काढला?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. त्या व्हिसापायी आमच्या घरात पाच महिने वाद चालला होता. म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको मिळून हे लिहून काढतो आहोत. मुलांना परदेशी पाठवू पाहणाऱ्या एखाद्या घराला उपयोग झाला तर बरंच.

सुरुवात चिपळूणच्या पुरापासून करावी लागेल. २०२१ ची बकरी ईद २१ जुलैला होती. दुसऱ्या दिवशी पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आमच्या घराचा तळमजला बुडाला. कुर्बानीच्या गोश्ताचे डबे, मुलांची पुस्तकं, दादीचं औषध, सगळं त्या पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल उरला. तो उपसायला जी मुलं आली, त्यांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत. कुणी घाटावरून आलं होतं, कुणी मुंबईहून. त्यांनी आमची जात-जमात विचारली नाही, आम्हीही त्यांची विचारली नाही. दादी त्यांना वरच्या मजल्यावरून चहा सोडत होत्या. आमची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. चौथ्या दिवशी ती स्वतः फावडं घेऊन शेजारच्या गल्लीत गेली आणि पुढचे तीन आठवडे घरी फक्त झोपायला आली. त्या दिवसांत तिच्या मनात काहीतरी पक्कं बसलं असावं.

पुढे ती शिक्षिका झाली. पुण्यात शिकत असताना तिच्या एका प्राध्यापिकेमार्फत तिची लोंबोक बेटावरच्या एका लहानशा निवासी मदरशाशी ओळख झाली. तिकडे अशा संस्थेला पेसांत्रेन म्हणतात. बाली बेटाच्या पूर्वेला लागूनच हे लोंबोक. तिथल्या मशिदींच्या संख्येवरून त्याला 'हजार मशिदींचं बेट' असं नाव पडलं आहे. ५ ऑगस्ट २०१८ रोजी तिथे ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पाचशेहून अधिक माणसं दगावली. उत्तर लोंबोकमध्ये घरंच्या घरं बसली. या मदरशाच्या खोल्याही तेव्हा पडल्या होत्या आणि गावाने हळूहळू उभ्या केल्या होत्या. मुलगी आठवड्यातून दोनदा मोबाइलवरून तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवायची. २०२४ च्या रमजान ईदनंतर तिथल्या बुजुर्ग मुख्याध्यापकांनी तिला बोलावणं धाडलं. तीन महिने या, मुलींच्या वसतिगृहात राहा, जेवण आमच्यासोबत, पगार देण्याची आमची ऐपत नाही.

मुलीने आम्हाला विचारलं तेव्हा अम्मीच्या पोटात गोळा आला आणि अब्बांनी आधी नकाशा उघडला. दादी मात्र म्हणाल्या, "आपल्याकडे चिखल उपसायला लोक आले होते ना? मग हिला जाऊ द्या."

जाण्याचं ठरलं. कसं जायचं, इथे गाडी अडली.

मदरशाकडून निरोप आला होता की व्हिसाचं काही अवघड नाही, विमानतळावर उतरल्यावर मिळतो. ते खरंच आहे. २०१६ पासून काही वर्षं भारतीयांना इंडोनेशियात व्हिसाच लागत नव्हता. ती सवलत कोरोनाच्या काळात थांबली आणि पुढे रद्द झाली. आता उतरल्यावर पाच लाख रुपिया भरायचे, म्हणजे आपले साधारण अडीच-पावणेतीन हजार रुपये, आणि तीस दिवसांचा व्हिसा घ्यायचा. तो एकदाच आणखी तीस दिवसांनी वाढतो. तीन महिन्यांचं काय? निरोपात तेही होतं. दोन महिने झाले की सिंगापूरला जाऊन यायचं आणि नवा व्हिसा घ्यायचा. आमच्याकडे येणारी परदेशी मुलं असंच करतात.

आम्ही गावातल्या एका एजंटकडे गेलो. मुलगा तरुण, बोलायला गोड. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "चाचा, टेन्शन घेऊ नका. जायचं तिकीट काढू. परतीचं डमी देतो, आठशे रुपयांत. अठ्ठावीस दिवसांनंतरची तारीख टाकू. विचारलं तर सांगायचं, फिरायला आले. शिकवण्याचं नाव काढायचं नाही."

"आणि खरं परतीचं तिकीट काढलं तर?" अम्मीने विचारलं.

"तीन महिन्यांनंतरचं? मग तर पकडलेच जाल. व्हिसा तीस दिवसांचा आणि तिकीट नव्वद दिवसांनंतरचं!"

तो हसला. आम्हाला हसू आलं नाही. खरं तिकीट दाखवलं तर पकडले जाऊ आणि खोटं दाखवलं तर सुटू, हा हिशेब ऐकून आम्ही बाहेर आलो. रिक्षात कुणी बोललं नाही.

अब्बांनी आयुष्याची एकोणीस वर्षं आखातात काढली आहेत. कोकणातल्या प्रत्येक घराला व्हिजिट व्हिसा म्हणजे काय ते ठाऊक असतं. त्यांच्या खोलीत एक मुलगा होता, आपल्याच तालुक्यातला. व्हिजिटवर आला आणि एका दुकानात कामाला लागला. सगळेच करतात, म्हणून त्यानेही केलं. एका दुपारी तपासणी झाली. त्याला घेऊन गेले ते परत खोलीवर आणलंच नाही. त्याची बॅग अब्बांनी भरून दिली. बॅगेत बहिणीच्या लग्नासाठी घेतलेलं कापड होतं. पुन्हा त्या देशात पाऊल ठेवायला त्याला बंदी झाली. अब्बा म्हणाले, "तो चोर नव्हता. त्याचा फक्त कागद वेगळं सांगत होता आणि हात वेगळं करत होते."

मुलगी चिडली. तिचं म्हणणं साधं होतं. "अब्बा, तो पैशासाठी गेला होता. मी फुकट शिकवणार आहे. याला नोकरी कसं म्हणायचं?"

आम्हालाही तोवर तसंच वाटत होतं. पगार नाही तर काम नाही, आणि काम नाही तर पर्यटक व्हिसा चालावा. पण बहुतेक देशांचे इमिग्रेशनचे नियम असा विचार करत नाहीत. तुम्ही पैसे घेता की नाही, एवढंच ते बघत नाहीत. ज्या कारणासाठी आत येण्याची परवानगी मागितली, तेच तुम्ही करता आहात का, हेही बघतात. काही देश थोडी सूट देतात. ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण तीस दिवसांपर्यंत विनावेतन मदत करता येते, त्याहून जास्त असेल तर वेगळा व्हिसा घ्यावा लागतो. एका देशाची सूट दुसऱ्या देशात चालत नाही.

मुलीने मग स्वतःच वाचायला घेतलं. ती शिक्षिका आहे, वाचायला बसली की शेवटपर्यंत वाचते. दोन रात्रींनंतर सकाळी चहाच्या वेळी ती गप्प होती. तिच्या हाताशी इंडोनेशियाच्या २०११ च्या इमिग्रेशन कायद्यातलं १२२ वं कलम होतं. मिळालेल्या परवान्याच्या उद्देशाबाहेर जाणूनबुजून काही केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास कोटी रुपियापर्यंत दंड. आपल्या पैशांत तो दंड पंचवीस लाखांच्या वर जातो. प्रत्यक्षात बहुतेकांना मायदेशी परत धाडतात आणि पुन्हा यायला बंदी घालतात, हेही तिने वाचलं होतं. मुदत संपूनही राहिलं तर दिवसाला दहा लाख रुपिया दंड, म्हणजे पाच हजार रुपयांच्या वर. साठ दिवसांच्या पुढे गेलं तर हकालपट्टी.

पण ती गप्प होती ते यामुळे नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग तिने आम्हाला वाचून दाखवला. परदेशी माणसाला असं करायला सांगणाऱ्याला, किंवा तशी संधी देणाऱ्यालाही तीच शिक्षा.

"म्हणजे मला परत पाठवतील," ती म्हणाली, "आणि हुजूरांना?" मुख्याध्यापकांना ती हुजूर म्हणायची. ते सत्तरीचे आहेत. भूकंपात पडलेल्या खोल्या त्यांनी विटा वाहून उभ्या केल्या आहेत.

त्या सकाळनंतर डमी तिकिटाचा विषय आमच्या घरात निघाला नाही. आम्ही आजवर आपल्याच मुलीच्या भीतीने विचार करत होतो. आपल्या खोट्याची किंमत ज्याच्या दारात उतरायचं त्याला भरावी लागेल, हे ध्यानातच आलं नव्हतं. दादी एवढंच म्हणाल्या, "ज्याच्या घरी पाहुणे जायचं त्याची इज्जत ही आपल्याकडची अमानत."

त्याच जूनमध्ये हजच्या बातम्या आल्या. मक्केत उष्म्याने कहर केला होता. सौदी सरकारने मृतांचा आकडा १,३०१ सांगितला आणि त्यातले ८३ टक्के अधिकृत परवान्याविना आलेले होते, असंही सांगितलं. त्यांच्यापैकी कुणाची नियत वाईट होती असं कोण म्हणेल? उमेदीने, आयुष्यभराची कमाई घालून गेलेली माणसं ती. पण परवाना नाही म्हणून तंबू नाही, बस नाही, सावली नाही. आम्ही त्या सगळ्यांसाठी मगफिरतची दुआ केली. त्या रात्री जेवताना अब्बा म्हणाले, "परवाना म्हणजे फक्त सरकारचा अडसर असं आपण समजतो. परवाना असला की आपली गणती होते. पडलो तर कुणीतरी शोधायला येतं."

मुलीने मदरशाला सगळं मोकळेपणाने लिहिलं. तुमच्या भल्यासाठीच मला योग्य व्हिसा हवा आहे, तो मिळाला तरच येईन. आम्हाला वाटलं, आता त्यांना वाईट वाटणार आणि विषय संपणार. उत्तर यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मुलगी आमच्याशी जेमतेम बोलली.

उत्तर आलं ते असं: आम्हाला हे माहीत नव्हतं. काय करावं लागेल ते सांगा.

करावं लागलं ते बरंच. सामाजिक किंवा स्वयंसेवी कामासाठी जाणाऱ्याला इंडोनेशियात आधीच व्हिजिट व्हिसा काढावा लागतो आणि त्यासाठी तिथला एक प्रायोजक लागतो. त्यांच्या भाषेत त्याला 'पेंजामिन' म्हणतात. आपल्या 'जामीन'चाच तो भाऊ, दोन्ही शब्द अरबीतून आलेले. तो जामीन राहायला मदरशाच्या मंडळाची नोंदणी नीट हवी होती, आणि ती भूकंपानंतर अर्धवट राहिली होती. ती पूर्ण करण्यात त्यांचे दोन महिने गेले. इकडे आम्ही सहा महिन्यांहून अधिक मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, फोटो, निमंत्रणाचं पत्र आणि खात्यात किमान दोन हजार डॉलर असल्याचं बँकेचं विवरण जमवलं. हे पैसे कुणाला द्यायचे नसतात, दाखवायचे असतात. पण दाखवायला तरी असावे लागतात. मामूंनी निम्मे उसने दिले आणि कागदावर लिहून घेतले. ते बरंच झालं.

इंडोनेशियातलं शाळेचं वर्ष जुलैत सुरू होतं. जुलै गेला, ऑगस्ट गेला. एजंट एकदा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "चाचा, एव्हाना पोरगी जाऊन परत आली असती." त्याचं म्हणणं हिशेबाने बरोबर होतं. अब्बांनी फक्त सलाम केला आणि पुढे निघाले. घरी आल्यावर मात्र म्हणाले, "आपण उगाच ताणतोय की काय?" खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही त्या दिवशी खात्री नव्हती.

या काळात कळलेल्या आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. सिंगापूरला जाऊन येण्याचा सल्ला युरोप-ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्टवाल्यांसाठी ठीक होता. भारतीयांना सिंगापूरला जायलाच आधी व्हिसा लागतो. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून आपल्याला तीस दिवसांसाठी व्हिसामाफी दिली आहे, पण ती कुठवर टिकेल ते ज्याचं त्याने त्या वेळी बघायचं. दुसऱ्याच्या अनुभवावर चालताना आधी त्याचा पासपोर्ट कुठला आहे ते विचारावं. दुसरं म्हणजे दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवरचा ईसीआर शिक्का. हा शिक्का असलेल्यांना नोकरीसाठी जाताना ज्या अठरा देशांसाठी सरकारची वेगळी मंजुरी लागते, त्यांत आखाती देशांबरोबर इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंडही आहेत. मुलगी पदवीधर असल्याने तिला तो प्रश्न आला नाही. पण मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलाला 'सेवेचं काम' म्हणून पर्यटक व्हिसावर कुणी तिकडे नेत असेल, तर तिथे दहा वेळा विचार करा.

सप्टेंबरच्या शेवटी व्हिसा आला. साठ दिवसांचा, पुढे तिथेच वाढवता येणारा. मग तिकीट. या वेळी आम्ही परतीचं खरं तिकीट काढलं. थोडे पैसे जास्त भरून तारीख बदलण्याची सोय असलेलं. आधी साठ दिवसांच्या आतली तारीख घेतली आणि तिथे मुदत वाढल्यावर ती बदलायची असं ठरवलं. व्हिसाची मुदत आणि तिकिटाची तारीख एकमेकांना धरून असावी लागते, हे एजंटचं गणित आम्ही खऱ्या कागदांनी सोडवलं.

ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या विमानतळावर तिला सोडायला गेलो. आत काय झालं ते तिने नंतर फोनवर सांगितलं. आम्हाला वाटायचं की परतीचं तिकीट फक्त पलीकडचा अधिकारी मागतो. खरं तर आधी ते विमान कंपनीच्या काउंटरवरच मागतात. एखाद्या प्रवाशाला त्या देशाने प्रवेश नाकारला तर त्याला परत नेण्याची जबाबदारी कंपनीवर येते, आणि अनेक देश वर दंडही लावतात. त्यामुळे कोणत्या पासपोर्टला कुठे काय लागतं ते संगणकावर बघूनच बोर्डिंग पास देतात. तिच्या पुढे उभ्या असलेल्या एका मुलाचा तिकिटाचा कागद काउंटरवरच्या बाईंनी घेतला, त्यावरचा क्रमांक संगणकात घातला आणि परत दिला. असं आरक्षणच नाही, म्हणाल्या. डमी तिकिटात बहुधा पैसे न भरता काही काळ धरून ठेवलेली जागा असते आणि ती मुदत संपली की क्रमांक मरतो. काही वेळा तर तो निव्वळ छापलेला कागद असतो. तो मुलगा बाजूला बसून मोबाइलवर मिळेल त्या भावाने तिकीट काढत होता, घाम पुसत होता. मुलगी म्हणाली, "अम्मी, मला त्याचा राग नाही आला. तिथे मीच असते."

लोंबोकला अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी आलात? तिने सांगितलं, मुलींना इंग्रजी शिकवायला. एवढंच. पाठ केलेलं काही आठवावं लागलं नाही.

तिकडचे तीन महिने हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. एक प्रसंग मात्र इथेच सांगायला हवा. डिसेंबरमध्ये एका सकाळी इमिग्रेशन खात्याची दोन माणसं मदरशात आली. परदेशी कुणी राहत असेल तर त्याची नोंद बघायला. हुजूर स्वतः तिचा पासपोर्ट, व्हिसा आणि मंडळाच्या नोंदणीची फाइल घेऊन बाहेर आले. ती नवी कोरी फाइल त्यांनी दोन्ही हातांत धरली होती, असं मुलगी सांगते. माणसांनी कागद बघितले, कॉफी घेतली, मुलींचं इंग्रजी पाठांतर ऐकलं आणि गेली. नंतर हुजूर तिला म्हणाले, तुझ्या हट्टामुळे आमचे कागद सहा वर्षांनी पूर्ण झाले. आता पुढे येणाऱ्या शिक्षकांसाठीही ते उपयोगी पडतील.

जानेवारीच्या अखेरीस ती परत आली. दादींसाठी एक हातमागाचं कापड आणलं. मामूंचे पैसे फिटले.

आम्ही काही मोठं धाडस केलं असं नाही. उलट मधल्या काळात आम्हीच दोनदा डगमगलो. जुलैत सुरू झालेल्या वर्गाचे पहिले तीन महिने त्या मुलींना शिक्षिका मिळाली नाही, ही खंत मुलीला आहे आणि ती खरी आहे. पण आता कुणी विचारलं तर आम्ही तीन गोष्टी सांगतो. ज्या कामाला जायचं त्याच नावाचा व्हिसा मागा. परतीचं तिकीट खरं घ्या, रद्द करता येईल किंवा तारीख बदलता येईल असं. आणि बोलावणाऱ्या संस्थेला आधीच विचारा की तुम्ही आमचे जामीन राहाल का? जी संस्था या प्रश्नावर गप्प बसते, तिच्या दारी मुलांना पाठवू नका. जी म्हणते, काय करावं लागेल ते सांगा, तिच्यासाठी थोडं थांबायला हरकत नाही.

नियम बदलत राहतात. तुम्ही हे वाचाल तेव्हा रक्कम वेगळी असेल, दिवस वेगळे असतील. म्हणून जाण्याआधी त्या देशाच्या वकिलातीकडून ताजी माहिती घ्याच. इंडोनेशियाची वकिलात मुंबईतही आहे.

परवा मुलीने आम्हाला विचारलं, "पुन्हा जाऊ का?" दादी लगेच म्हणाल्या, "जा की. पण या वेळी कागदाला जूनपासून नको, जानेवारीपासून लाग."